जमिनीखालची नळी आणि जमिनीवरचे बांध

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठांवरील शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांतून माघ-फाल्गुनात जाणाऱ्या प्रवाशाला उसाच्या हिरव्या फडांच्या मधोमध पांढरी, ओसाड रानेही दिसतात. दुरून पाहणाऱ्यास तेथे कोणी चुना विस्कटून ठेवला असावा असे वाटते. वस्तुतः ते मीठ असते. त्या भागातील शेतकरी अशा जमिनीला क्षारपड म्हणतो, चिबड म्हणतो, मिठफुटीची म्हणतो. आणि एकाच दुखण्याला इतकी नावे पडावीत यावरूनच ते दुखणे किती जुने व किती घरोघरचे आहे याची कल्पना यावी. दुष्काळाने पिचलेल्या माणदेशापासून काही कोसांवरचे हे रान पाण्याअभावी नव्हे, तर पाण्याच्या अतिरेकाने पडीक झाले आहे, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटवून सांगावी लागते. चार एकरांच्या धन्याला ती सांगावी लागत नाही. त्याच्या वडिलांनी ज्या रानातून एकरी पन्नास टन ऊस काढला, त्याच रानात त्याने लावलेले कांडे उगवत नाही.

हे दुखणे आजकालचे नाही. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये जे कालवे पुरे झाले, त्यांतील नीरा डावा कालवा हा प्रमुख. दुष्काळी मुलखातील ज्वारी-बाजरी वाचवावी हा त्याचा हेतू. पण काही वर्षांतच त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि ऊस उभा राहिल्यावर खोलगट भागात मीठ वर आले. १९१० साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला डॉ. मॅन आठवतात ते पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे, जमिनीच्या तुकडेकरणावरील त्यांच्या आकडेवारीमुळे. तुकडेकरण आणि खारवटपणा या दोन विषयांचा अभ्यास एकाच माणसाने एकाच दशकात करावा, हा त्या वेळी योगायोग असेल. आज त्या दोन्ही प्रश्नांची गाठ जमिनीखालच्या नळीत पडली आहे, ती कशी ते पुढे येईलच. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनाचे प्रश्न अभ्यासण्यासाठी एक खास विभाग काढला. सर क्लॉड इंग्लिस यांच्या कारकीर्दीत तो नावारूपाला आला आणि त्यातूनच पुढे खडकवासल्याचे जल व विद्युत संशोधन केंद्र उभे राहिले. म्हणजे ज्या संस्थेचे नाव आज मोठमोठ्या धरणांच्या प्रतिकृतींशी जोडले जाते, तिचा आरंभ शेतात कोठे पाणी कमी तर कोठे फार, या साध्या तक्रारीतून झालेला आहे.

क्षार वर कसे येतात हे समजून घेण्यास फारसे शास्त्र लागत नाही. कालवे पाझरतात, पाट पाझरतात, आणि उसाला लागते त्याहून कितीतरी अधिक पाणी दिले जाते. ते जमिनीत मुरते, भूजलाची पातळी वर चढते. ती पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी केशाकर्षणाने वर येते, उन्हाने उडून जाते आणि आपल्याबरोबर आणलेले क्षार मागे ठेवून जाते. त्यांत सोडियमचे प्रमाण वाढले की जमीन चोपण होते. काळी माती फुगते, तिचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि वरचे पाणी वर, खालचे खाली अशी अवस्था होते. यावर उपाय एकच : पाण्याला बाहेर पडण्याची वाट करून द्यावयाची, म्हणजे पावसाचे गोडे पाणी क्षारांना धुऊन त्या वाटेने घेऊन जाईल.

वाट करून द्यावयाची तर उघडा चर खणणे हा आजोबा-पणजोबांचा मार्ग. परंतु दोन मीटर खोल चर काळ्या मातीत उभ्या कडांनी टिकत नाही; त्याला उतरत्या कडा द्याव्या लागतात. तळाला अर्धा मीटर रुंदी ठेवली आणि कडा दीडास एक या उताराच्या केल्या, तर वरची रुंदी साडेसहा मीटर होते. अडीचशे मीटर लांबीच्या अशा एका चराखाली सोळा गुंठे जमीन जाते. चार एकरांच्या मालकाने आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा खड्ड्याला द्यावा, वर दरवर्षी त्यातले गवत आणि गाळ काढावा, हे सांगणे सोपे आहे. नळीचे महत्त्व येथे कळते. ती सव्वा-दीड मीटर खोल गाडली जाते, तिच्यावरून नांगर फिरतो आणि ती एक गुंठाही खात नाही.

ही नळी म्हणजे भोके पाडलेली, वळ्या-वळ्यांची, प्लॅस्टिकची साधी पन्हळी नळी. पूर्वी भाजलेल्या मातीच्या फूटभर लांबीच्या नळ्या एकीला एक लावून ठेवीत आणि सांध्याच्या फटीतून पाणी आत शिरे. १९६०नंतरच्या दशकात नेदरलँड्समध्ये प्लॅस्टिकच्या पन्हळी नळीचा प्रसार झाला व हे काम यंत्राने झपाट्याने होऊ लागले. नळीला वळ्या असतात त्या शोभेसाठी नसून बळासाठी असतात. पातळ प्लॅस्टिकला त्यामुळे वरच्या मातीचा भार पेलता येतो. मात्र या बळाची किंमत वेगाने मोजावी लागते. वळ्यांमुळे आतला पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्याच आकाराच्या गुळगुळीत नळीच्या मानाने पाणी सुमारे दोन-तृतीयांशच वाहते.

ऐकणारा येथे घाबरून जातो आणि अधिक मोठी, अधिक महाग नळी मागतो. पण हिशेब मांडून पाहिला तर चित्र निराळे दिसते. दर दिवशी जमिनीतून दोन मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर काढावयाचा, असे धरू. एका हेक्टरातून दिवसाला वीस हजार लिटर पाणी निघेल. ऐंशी मिलिमीटर व्यासाची पन्हळी नळी हजार मीटरला एक मीटर अशा मंद उतारावर घातली, तरी ती पूर्ण भरून वाहताना दिवसाला साठ हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी नेते. म्हणजे तीन हेक्टरांचे, जवळजवळ आठ एकरांचे. शेतातल्या उपनळ्या तीस मीटर अंतरावर आणि दोनशे मीटर लांबीच्या असल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला अवघा दीड एकर येतो. म्हणजे उपनळी पाचांत चार हिस्से रिकामीच राहते. अडचण नळीच्या पोटात नाही. पाणी नळीपर्यंत पोचण्यात आहे, नळीच्या अंगात शिरण्यात आहे, आणि नळीतून बाहेर पडल्यावर कोठे जावयाचे यात आहे.

पाणी नळीपर्यंत किती वेगाने पोचेल याचा नियम १८५६ साली फ्रान्समधील दीजों शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आंरी दार्सी याने वाळूवर प्रयोग करून घालून दिला. मातीची पारगम्यता आणि पाण्याच्या पातळीतील उतार यांच्या गुणाकाराइतका वेग, असे त्याचे साधे सूत्र आहे. पुढे १९४० साली हूखाउट या डच शास्त्रज्ञाने त्यावरून दोन नळ्यांमधील अंतर ठरविण्याचे समीकरण बसविले. त्या समीकरणात अंतराचा वर्ग येतो, आणि साऱ्या अर्थकारणाची कळ त्या वर्गात आहे. मातीची पारगम्यता एक-चतुर्थांश झाली तर अंतर निम्मे करावे लागते. अंतर निम्मे झाले की एकरी नळीची लांबी दुप्पट होते आणि नळीबरोबर खोदाईही दुप्पट होते. हरियाणातील हलक्या, गाळाच्या जमिनीत साठ-सदुसष्ट मीटरवर नळी घालून भागते. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत तेच अंतर वीस ते चाळीस मीटरवर येते. तेव्हा 'हरियाणात एवढ्या खर्चात होते, मग येथे का नाही?' असे विचारणाऱ्याने प्रथम मातीला विचारावे. आणि जो शेतकरी आज नळी न घालता पाच-दहा वर्षे थांबतो, त्याची माती अधिक चोपण होऊन तिची पारगम्यता घटते, म्हणजे त्याचा भावी खर्च वाढत जातो. सावकाराच्या व्याजाचा दर निदान वहीत लिहिलेला असतो!

नळीच्या अंगात शिरणे हा दुसरा घाट. नळीच्या पृष्ठभागापैकी भोकांची जागा एक-दोन टक्क्यांहून सहसा अधिक नसते. शेतभर पसरलेले पाणी अखेर एवढ्याशा फटींपाशी गोळा होते. तेथे त्याचा वेग वाढतो आणि तो बारीक माती ओढून आणतो. म्हणून नळीभोवती खडीचा, काथ्याचा किंवा कृत्रिम धाग्यांच्या न विणलेल्या कापडाचा वेष्टनथर देतात. हे वेष्टन फार सैल असले तर गाळ आत जातो, फार घट्ट असले तर ते स्वतःच बुजते आणि नळी असूनही नसल्यासारखी होते. सशक्त चिकण माती आपल्या घट्टपणाने भोकांवर कमान धरून राहते, तेथे वेष्टनाची फारशी गरज नसते. पण सोडियमने विस्कटलेली चिकण माती लापशीसारखी वाहते. म्हणजे ज्या रानाला नळीची निकड सर्वांत अधिक, त्याच रानात नळी बुजण्याचा धोकाही सर्वांत अधिक. जिप्सम घालून सोडियम हटविणे आणि नळी घालणे या दोन गोष्टी हातात हात घालूनच चालल्या पाहिजेत, असे जाणकार सांगतात ते याकरिता. याखेरीज उतारातील चूक असते. दोनशे मीटरमध्ये सारा उतार मिळून वीस सेंटिमीटरांचा. त्यात खोदणाऱ्याच्या हलगर्जीपणाने मध्येच चार सेंटिमीटरांचा खळगा राहिला, तर त्या खळग्यात गाळ साचून अर्धी नळी मिटते. माती लोटल्यावर ती चूक कोणाला दिसत नाही. रस्त्याचे निकृष्ट डांबर पहिल्या पावसात तरी बोलते.

तिसरा घाट बाहेर पडण्याचा, आणि येथे अभियंता थांबतो व गावचे राजकारण सुरू होते. क्षारपड झालेले रान बहुधा खोलगट असते. त्याचे पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचे तर मध्ये दुसऱ्यांची शेते लागतात. ओढा झाडोऱ्याने आणि अतिक्रमणाने बुजलेला असेल तर तो आधी खोल करावा लागतो. एकट्याने आपल्या चार एकरांत नळ्या घातल्या आणि मुखाशी वाट नसली, तर त्याने आपल्या पैशाने जमिनीत एक लांबट हौद बांधला, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने रात्रभर पाणी सोडून दिले की तेही याच्याच रानात पाझरणार. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे एकाच्या व्यवहाराची किंमत व्यवहाराबाहेरच्या दुसऱ्याने मोजणे, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात सांगण्यासाठी मिळणे कठीण. पाणी वरचा देतो, पट्टी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र पाहून भरतो, आणि मीठ खालच्याच्या रानात निघते.

याची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. नळीची वहनक्षमता व्यासाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून पुष्कळ वेगाने वाढते. व्यास दुप्पट केला की क्षमता सहापटींहून अधिक होते. ऐंशी मिलिमीटरची नळी आठ एकरांचे पाणी नेते, तर एकशे साठ मिलिमीटरची मुख्य नळी त्याच उतारावर पन्नास एकरांचे नेते. गाळासाठी चौथा हिस्सा सोडून दिला तरी अनुक्रमे सहा आणि सदतीस एकर उरतातच. प्लॅस्टिक मात्र सहापट लागत नाही, आणि चर तर एकच खणावयाचा असतो. सहा शेतकऱ्यांनी सहा नळ्या ओढ्याला नेण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक नेणे किती स्वस्त, हे सांगण्यास सहकाराचे व्याख्यान नको; नळीचे भूमितिशास्त्र पुरे आहे. पण त्यात एक खोच आहे. मुख्य नळीचा व्यास पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो. वरच्या अंगाचे पाच-सात जण 'आमची जमीन अजून बरी आहे' म्हणून बाहेर राहिले, तर त्यांच्यासाठी जागा ठेवून मोठी नळी घालण्याचा जादा खर्च खालच्यांनी का करावा? आणि लहान घातली, तर चार वर्षांनी वरच्यांच्या रानात मीठ उठल्यावर त्यांना वाट कोठून द्यावी? डॉ. मॅन यांनी मोजलेले जमिनीचे तुकडे येथे प्रत्येक बांधावर आडवे येतात. पन्नास एकरांचा एक गट म्हणजे आजच्या कृष्णाकाठी साठ-सत्तर सह्या असू शकतात, आणि त्यांतील काही सह्या मुंबईत राहणाऱ्या भावांच्या असतात.

पैसा कसा उभा करावयाचा याचे धडे इतिहासात आहेत. १८४५च्या सुमारास इंग्लंडमध्ये मातीच्या नळ्या काढणारे यंत्र आले. पुढल्याच वर्षी पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांनी धान्य कायदे रद्द केले आणि परदेशी गव्हाशी सामना करावा लागणाऱ्या जमीनदारांना निचऱ्यासाठी सरकारी कर्ज देण्याचा कायदा केला. ग्रेट ब्रिटनसाठी वीस लक्ष पौंड काढून ठेवण्यात आले. कर्जदाराने दरसाल कर्जाच्या साडेसहा टक्के रक्कम बावीस वर्षे भरावयाची, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटत. खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते सरकार शेतात गाडण्याच्या नळ्यांना मात्र दोन दशकांच्या मुदतीचे कर्ज देत होते, ही गोष्ट अनुदान या शब्दाने भडकणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इजिप्तने आस्वानच्या उंच धरणानंतर हाच प्रश्न राष्ट्रीय पातळीवर घेतला. १९७३ साली निचऱ्याच्या कामांसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढून नाईलच्या खोऱ्यात लक्षावधी एकरांत नळ्या घातल्या आणि शेतकऱ्याकडून त्यांचा खर्च बिनव्याजी, वीस वर्षांच्या हप्त्यांनी वसूल केला. उलट उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांनी १८७३ साली केलेल्या कायद्याच्या नावातच कालवे आणि निचरा हे दोन्ही शब्द होते. पुढे कालवे झाले, निचरा नावात राहिला.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब करून पाहावा. एकरी खर्च एक लाख रुपये आणि व्याज दहा टक्के धरले, तर सात वर्षांत फेडावयाचा वार्षिक हप्ता साडेवीस हजारांच्या आसपास येतो. उसाला टनामागे तीन हजार धरले, तर हा हप्ता म्हणजे सात टन ऊस. क्षारपड रानातील उतारा पंधरा टनांवरून पस्तीस-चाळीसांवर गेला तर सात टन जड नाहीत. जड आहे ती पहिली दोन वर्षे. नळी घातल्याबरोबर मीठ जात नाही. निदान एक-दोन पावसाळ्यांनी ते धुऊन जावे लागते, आणि हप्ता मात्र पहिल्या वर्षापासून सुरू होतो. कर्जाची मुदत मातीच्या गतीने आखली नाही, तर उत्तम नळीसुद्धा थकबाकीत जमा होते. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने गेल्या दशकात पुढाकार घेऊन शेतकऱ्यांचे गट केले, बँकेचे कर्ज मिळवून देण्यास मदत केली आणि मुख्य नळी व ओढा यांचे काम एकत्रित हाती घेतले. 'दत्त पॅटर्न' म्हणून तो ओळखला जातो. त्यात नळीचे तंत्र नवे नाही. नवे आहे ते हे की, ज्याला त्या रानातील ऊस हवा आहे त्यानेच मध्यस्थी पत्करली. तथापि ज्या गावाच्या मागे असा कारखाना नाही, त्याने कोणाकडे पाहावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

नळीतून निघालेले पाणी गोडे नसते, हेही सांगितले पाहिजे. ते ओढ्याने कृष्णेत, पंचगंगेत जाते, आणि खालच्या गावची पाणीयोजना त्याच नदीवर असते. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा हे क्षार विरून जातात. उन्हाळ्यात बंधाऱ्यांच्या साठलेल्या डोहांत विरत नाहीत. उन्हाळ्यात मुख झाकून ठेवावे आणि पावसाळ्यात उघडावे, असा नियम गटाने पाळला तर बराच त्रास टळतो. त्यामुळे नळीला पिकाची ओलही उगाच ओढून नेता येत नाही. पण २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी दाखवून दिले आहे की ऐन पावसाळ्यात नदीचे पाणी अनेक दिवस मुखाच्या वर राहू शकते. तेवढे दिवस नळी मुकी होते. पूर ओसरताना नदीचा गाळ तिच्यात शिरू नये म्हणून मुखाला झडप लागते, आणि झडपेत काटक्या अडकू नयेत म्हणून माणूस लागतो.

हा माणूस कोण, याचे उत्तर योजनेच्या कागदात बहुधा नसते. उपनळ्या मुख्य नळीला मिळतात तेथे तपासणीच्या विहिरी असतात. वर्षातून दोनदा त्यांची झाकणे काढून, प्रत्येक उपनळीच्या तोंडातून पाणी येते की नाही हे पाहिले, तर कोणती नळी बुजली ते घटकाभरात कळते आणि पाण्याच्या दाबाने ती धुता येते. बुजलेली नळी तीन वर्षांनी, वर पुन्हा पांढरे उठल्यावर कळली, तर शेतकऱ्याचा नळीवरचा विश्वासच उडतो आणि शेजारच्या गावातील गट मोडतो. एकरी वर्षाला दोनशे रुपये वर्गणी धरली, तर पन्नास एकरांच्या गटाकडे दहा हजार जमतात. झाकणे उघडणाऱ्या गड्याची दोन खेपांची मजुरी आणि एखादी नळी धुण्याचा खर्च त्यातून निघावा. ही वर्गणी करारातच घालून कारखान्याच्या किंवा सोसायटीच्या बिलातून कापली, तर ती जमते. दरवर्षी सभा भरवून मागितली, तर ज्याचे रान सुधारले तो सभेला येत नाही.